छोटा धंदा आणि हातातला फोन

२०२० च्या एप्रिलमध्ये कोकणात हापूस काढणीला आला तेव्हा देशभर टाळेबंदी होती. वाशीच्या बाजार समितीचं कामकाज मध्येच सुरू, मध्येच बंद. पेट्या भरून दलालाकडे पाठवायच्या आणि विक्रीच्या हिशोबाची पट्टी येईपर्यंत वाट बघायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज त्या हंगामात चालेना. मग रत्नागिरी-देवगडकडच्या बागायतदारांनी मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना, शाळेतल्या मित्रांना, ओळखीच्या चाकरमान्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप धाडले. ते निरोप गृहनिर्माण सोसायट्यांच्या ग्रुपवर पोचले आणि एकेका सोसायटीतून टेम्पो भरेल एवढी मागणी एकगठ्ठा येऊ लागली. मे महिन्यात एसटीनेही मालवाहतूक सुरू केली आणि तिच्या गाड्यांतून आंबा मुंबईकडे निघाला. या बागायतदारांपैकी बहुतेकांकडे ना वेबसाइट होती, ना जाहिरातीचं बजेट, ना कुठलं प्रशिक्षण. त्यातल्या कित्येकांनी त्या वर्षी पहिल्यांदाच आपल्या आंब्याचा भाव स्वतः ठरवला.

छोट्या धंदेवाल्याने समाजमाध्यमांचं काय करावं, हा प्रश्न निघाला की मला तो हंगाम आठवतो. कारण या विषयावरची बहुतेक चर्चा भलत्याच टोकाकडून सुरू होते. अल्गोरिदम, हॅशटॅग, एंगेजमेंट असले शब्द कानावर पडले की चपला शिवणारा, फराळ करणारी, शिवणक्लास चालवणारी माणसं आधीच मागे सरतात. ‘आपल्याला त्यातलं काही कळत नाही’ हे वाक्य मी महाराष्ट्रात सगळीकडे ऐकलं आहे. हे वाक्य चुकीच्या जागी भीती दाखवतं, असं माझं ठाम मत आहे. तंत्राचा भाग आज या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ते दुसरंच: काय सांगायचं, कोणाला सांगायचं, सांगितलेला शब्द कसा पाळायचा आणि किती ऑर्डर आपल्याला झेपतात ते ओळखायचं. आणि हे तर दुकानदाराला आधीपासून येत असतं.

तंत्र सोपं कसं होत गेलं ते थोडक्यात बघू. २०१६ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचं. त्या वर्षी यूपीआय आलं आणि सप्टेंबरात जिओ सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झालं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गुगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली, त्यामुळे कळफलकावर देवनागरी शोधत बसण्याची गरज संपली. २०१८ च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळं मोफत अ‍ॅप आलं. पुढच्या वर्षाअखेरीस त्यात मालाचा कॅटलॉग लावायची सोय झाली. एकेक अडथळा असा बाजूला होत गेला. ज्याला फोटो काढून पाठवता येतो, त्याला आज दुकान मांडता येतं.

मग मांडायचं कुठे? सल्ला देणारे सांगतात, सगळीकडे असायला हवं: फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, लिंक्डइन. हा सल्ला ज्यांच्याकडे पगारी माणसं आहेत त्यांच्यासाठी ठीक. एकट्याने धंदा करणाऱ्याने तो पाळला तर चार ठिकाणी धूळ खात पडलेली चार खाती तेवढी उरतात. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्यात वर दिसणारं पान बघून गिऱ्हाईक समजतं की हे दुकान बंद झालं. एक ठिकाण निवडावं आणि ते जागतं ठेवावं.

महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या धंद्यांसाठी ते ठिकाण व्हॉट्सअ‍ॅप आहे. गिऱ्हाईक तिथे आधीच आहे, त्याला काही नवीन शिकावं लागत नाही आणि बोलणं जिथे होतं तिथेच सौदा होतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधल्या सोयी नीट वापरणारं माणूस कसं काम करतं ते पाहण्यासारखं असतं. घरगुती दिवाळी फराळ करणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका काकूंचा फोन ऐन सीझनमध्ये मी जवळून पाहिला आहे. स्वभाव जुन्या वळणाचा, चष्मा कपाळावर, हाताला बेसन. पण प्रत्येक चॅटवर रंगीत लेबल: ‘पैसे आले’, ‘पैसे बाकी’, ‘पॅक झालं’, ‘पोचलं’. कोणी ‘रेट?’ एवढंच विचारलं की त्या एक छोटा शब्द टाइप करतात आणि आधीच लिहून ठेवलेलं संपूर्ण उत्तर जातं: चकली, चिवडा, शंकरपाळे, अनारसे, प्रत्येकाचा किलोचा भाव, किती दिवस टिकतं, ऑर्डर कधीपर्यंत घेणार. रात्री नऊनंतर मेसेज आला तर आपोआप उत्तर जातं की सकाळी बोलू. खालच्या ओळीत त्यांनी आपल्या मनाने घातलेलं वाक्य आहे: अनारशाचं पीठ मुरायला वेळ लागतो, अनारसे आठवडाभर आधी सांगा. या एका वाक्यामुळे ऐनवेळचे हट्ट कमी झाले, असं त्या म्हणतात. हे सगळं लावून द्यायला त्यांच्या भाचीला एक दुपार लागली. त्यानंतर त्या स्वतः चालवतात.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ग्रुप आणि ब्रॉडकास्ट यांत मोठा फरक आहे. गिऱ्हाइकांचा ग्रुप केला की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. बायकांना हे बिलकूल आवडत नाही आणि ते रास्तही आहे. शिवाय एकाने ‘मागच्या वेळचा आंबा आंबट निघाला’ असं लिहिलं की ते सगळ्यांसमोर. ब्रॉडकास्टमध्ये निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो. मात्र ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच तो मिळतो. म्हणून हुशार विक्रेते पहिल्या पार्सलमध्येच चिठ्ठी घालतात की नंबर सेव्ह करून ठेवा, पुढच्या हंगामात कळवू. स्टेटसला तर दोन्ही बाजूंनी नंबर जतन असावे लागतात. पण स्टेटस चोवीस तासांत निघून जातं, कोणाच्या फोनवर टिंगटिंग करत नाही, बघायचं त्याने बघावं. रोज सकाळी आलेल्या ताज्या मासळीचा फोटो स्टेटसला टाकणाऱ्या विक्रेत्याकडे लोक दहाच्या आत ऑर्डर देऊन मोकळे होतात. रोज सकाळी सुविचार, देवाचे फोटो आणि शंभर जणांना तोच ‘ऑफर’वाला मेसेज पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात, आणि ब्लॉक करणाऱ्यांची संख्या वाढली की कंपनी खातंच बंद करू शकते.

व्हॉट्सअ‍ॅपची मर्यादाही उघड आहे. ओळखीच्या वर्तुळाबाहेर ते स्वतःहून जात नाही. जो तुम्हाला ओळखत नाही पण तुमच्या गल्लीत राहतो, त्याच्यापर्यंत पोचायला गुगल नकाशावरची नोंद उपयोगी पडते. तिला समाजमाध्यम म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल. मी म्हणतो, कारण तिथे लोक बोलतात आणि त्या बोलण्यावर विश्वास ठेवतात. सायकल दुरुस्ती, शिंपीकाम, पिठाची गिरणी, क्लिनिक, पोळीभाजी केंद्र यांना इन्स्टाग्रामपेक्षा ही नोंद शंभर पटींनी जास्त कामाची. ती फुकट आहे. दुकानाची वेळ, सुट्टीचा वार, फोन नंबर, पाटीचा आणि आतल्या मालाचा फोटो एवढं भरलं की झालं. पाटीचा फोटो मुद्दाम टाकावा, कारण शोधत आलेला माणूस पाटीच शोधतो. आणि समाधानी गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावं, ‘दोन ओळी लिहा हो.’ मराठी माणसाला हे मागायला संकोच वाटतो. वाईट अभिप्राय लिहिणाऱ्याला तो वाटत नाही, त्यामुळे न मागणाऱ्याच्या पानावर तक्रारीच तेवढ्या साठतात. तक्रारीला उत्तर द्यायचं तर शांतपणे, दोन वाक्यांत आणि भांडण टाळून. ते उत्तर तक्रारदारापेक्षा पुढे वाचणाऱ्या पन्नास जणांसाठी असतं.

फेसबुकबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. २०१८ च्या जानेवारीत कंपनीने जाहीर केलं की यापुढे मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट वर दिसतील आणि धंद्याच्या पानांवरच्या पोस्ट खाली जातील. तेव्हापासून नुसत्या पानावर विसंबणं व्यर्थ आहे. पण गावाचे, शहराचे, छंदाचे ग्रुप तिथे अजून जिवंत आहेत. परदेशातल्या मराठी मंडळींचेही आहेत. आखातात किंवा अमेरिकेत बसून पुण्यातल्या आईवडिलांना फराळ पाठवणारा मुलगा अनेकदा अशाच ग्रुपवर विचारतो.

इन्स्टाग्राम हा मात्र वेगळा आणि खोल विषय आहे. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉक या छोट्या व्हिडिओंच्या अ‍ॅपवर बंदी घातली आणि काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले. त्या बंदीत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या असंख्य लोकांची लाखो प्रेक्षक असलेली खाती एका रात्रीत नाहीशी झाली. धंदा करणाऱ्याने ती रात्र विसरू नये. तिथला प्रेक्षक तुमचा नसतो, कंपनीचा असतो, आणि कंपनी बंद पडली, रुसली किंवा हाकलली गेली की प्रेक्षक तिच्यासोबत जातो.

तरीही रीलची ताकद मान्य करावीच लागते. अनोळखी माणसापर्यंत फुकट पोचवणारं आजचं साधन तेच. आणि तिथे जे चालतं ते धंदेवाल्याला नाचगाण्यापेक्षा सोपं आहे: आपलं काम करतानाचा हात दाखवणं. येवल्याची पैठणी घ्या. यंत्रमागाची नक्कल आणि हातमागाची अस्सल साडी यांतला फरक शब्दांनी पटत नाही. पण विणकराने पदर हातात धरला, मोर दाखवला आणि पदर उलटा केला की पाहणाऱ्याला कळतं: अस्सल विणीत मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ असते, सुटे धागे लोंबत नाहीत. पंधरा सेकंदांचं काम. ना संगीत लागतं, ना महागडा कॅमेरा. सकाळी दारातून येणारा उजेड, फोन उभा धरलेला, मागचा पसारा बाजूला आणि मागाचा खटका ऐकू येतो आहे एवढं पुरतं. गाजलेली गाणी लावण्याचा मोह टाळलेलाच बरा. बिझनेस खात्याला तशीही बरीच गाणी वापरता येत नाहीत, आणि मागाचा आवाज दुसऱ्या कोणाकडे नसतो.

कोल्हापुरी चपलेचं उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी दिसल्या आणि कोल्हापूरचा उल्लेख कुठेच नव्हता. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. ओरड झाली ती समाजमाध्यमांवर, आणि ती इतकी मोठी झाली की कंपनीला आपली प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे हे मान्य करावं लागलं. जो तो कोल्हापुरीविषयी बोलत होता. पण त्या आठवड्यांत कोणाचा फायदा झाला? ज्यांचं पान आधीपासून चालू होतं, ज्यांच्याकडे कापशी आणि पायताण यांतला फरक दाखवणारे व्हिडिओ होते, भाव लिहिलेला होता आणि फोन उचलणारं माणूस होतं, त्यांनाच तो होऊ शकत होता. अशी लाट सांगून येत नाही. ती आली तेव्हा दुकान उघडं असायला हवं.

लाटेची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘व्हायरल व्हायचंय’ हे नव्या धंदेवाल्याचं स्वप्न असतं. हाताने चपला करणारं कुटुंब दिवसाला मोजके जोड करतं. रील गाजला आणि एका रात्रीत शेकडो मेसेज आले तर काय होणार? निम्म्यांना उत्तर मिळत नाही. उरलेल्यांतल्या काहींना घाईत केलेला माल जातो. महिनाभराने पानाखाली ‘पैसे घेतले, माल नाही’ अशा कमेंट. छोट्या धंद्याला प्रसिद्धीपेक्षा रिपीट गिऱ्हाईक तारतं. म्हणून ऑर्डर बंद करायला शिकावं. ‘या महिन्याच्या ऑर्डर भरल्या, पुढच्या महिन्यासाठी नाव लिहून ठेवतो’ असं सांगणाऱ्या कारागिराविषयी मनात आदरच वाढतो. मापाचा घोळ टाळायला काही कारागीर गिऱ्हाइकाला कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने कड काढायला सांगतात आणि शेजारी पट्टी ठेवून त्याचा फोटो मागवतात. ही युक्ती कुठल्याही डिजिटल मार्केटिंगच्या कोर्सात शिकवत नाहीत, पण परत येणारे जोड तिच्यामुळेच कमी होतात.

भाव लपवण्याच्या खोडीबद्दल याच ठिकाणी बोललं पाहिजे. फोटोखाली ‘किमतीसाठी मेसेज करा’ असं लिहिण्याची पद्धत इन्स्टाग्रामवर फोफावली आहे. विक्रेत्यांना वाटतं की त्यामुळे संवाद वाढतो. माझ्या अनुभवाने दहातले सात जण भाव न दिसल्याने पुढे सरकतात, आणि विचारणाऱ्या तिघांना तोच भाव तीनदा टाइप करण्यात वेळ जातो. मराठी गिऱ्हाईक तर विशेष. भाव विचारून मग ‘नको’ म्हणायला त्याला अवघड वाटतं, त्यापेक्षा ते विचारतच नाही. भाव लिहावा. कुरिअरचा खर्च वेगळा असेल तर तोही.

यूट्यूब हे सावकाश फळ देणारं झाड आहे आणि सगळ्यांनी लावावं असं नाही. पण अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांची गोष्ट सांगितल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही. ‘आपली आजी’ या चॅनलवर त्या त्यांच्या पद्धतीने, त्यांच्या बोलीत स्वयंपाक सांगतात. कॅमेरा, संकलन, अपलोड हे सगळं नातवाचं. आजींना तंत्र येत नव्हतं आणि यायची गरजही पडली नाही; लोक आले ते त्यांच्या हातासाठी आणि बोलण्यासाठी. पण ऑक्टोबर २०२० मध्ये चॅनल हॅक झालं, आणि परत मिळेपर्यंतचे ते दिवस त्या घराला फार जड गेले. या एका उदाहरणात विषयाच्या दोन्ही बाजू आल्या. काम वाटून घेता येतं, आणि कुलूप मजबूत नसेल तर केलेलं सगळं जाऊ शकतं.

काम वाटून घेण्याचा प्रश्न घराघरांत आहे. बहुतेक ठिकाणी खातं मुलगा, सून, भाची किंवा शेजारचा कॉलेजचा पोरगा उघडून देतो. त्याच्या ईमेलवर, त्याच्या नंबरवर. पुढे तो नोकरीला पुण्याला जातो, सुनेचं बाळंतपण येतं, शेजाऱ्याशी बिनसतं आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही. एजन्सीकडे काम दिलं तर हाच धोका मोठ्या प्रमाणावर; महिन्याचे पैसे थांबले की पान त्यांच्या ताब्यात अडकलेलं. म्हणून खातं मालकाच्या नंबरवर आणि मालकाच्या ईमेलवर उघडावं, इतरांना फक्त चालवण्याचा अधिकार द्यावा, आणि पासवर्ड जिथे दुकानाचा परवाना ठेवतो तिथे कागदावर लिहून ठेवावा. एजन्सीविषयी माझं मत थोडं कडक आहे. महिन्याला बारा पोस्ट, त्यांतल्या चार सणांच्या शुभेच्छा, प्रत्येकीवर दुकानाचा लोगो, असं पॅकेज छोट्या धंद्याला काही देत नाही. त्या पैशात एक चांगला वजनकाटा किंवा पॅकिंगचे मजबूत खोके घेतलेले बरे.

पैसे देऊन केलेल्या जाहिरातीचंही साधं गणित आधी मांडावं. पोस्टखालचं ‘बूस्ट’चं बटण दाबायला सोपं आहे म्हणूनच ते धोक्याचं. समजा हजार रुपये टाकले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८० गेले. त्यातून लाइक चारशे आले, मेसेज बारा आले, ऑर्डर तीन आल्या. एका ऑर्डरमागे जवळजवळ चारशे रुपये पडले. ऑर्डरमागे तीनशे सुटत असतील तर ही जाहिरात तोट्याची, चारशे लाइक कितीही गोड वाटोत. पण तीच तीन गिऱ्हाइकं दरवर्षी परत येणार असतील तर ती स्वस्तात पडली. म्हणून नवीन गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ हे विचारून वहीत लिहिण्याची सवय हवी. जाहिरात द्यायचीच तर आपण माल पोचवू शकतो तेवढ्याच परिसरात द्यावी. सांगलीच्या केकवालीची जाहिरात नागपूरला दिसून तिला काय उपयोग?

वहीचा विषय निघालाच आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. आपल्याकडे नवरात्र तीन दिवसांवर होतं. ज्यांच्या ऑर्डर, पत्ते, हिशोब सगळं चॅटमध्येच होतं ते हात बांधून बसले. गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, पत्ता, शेवटी काय घेतलं आणि काय आवडलं नाही, हे कागदाच्या वहीत असलेला माणूस साधा फोन लावू शकत होता. समाजमाध्यमांचा खरा उपयोग मला विचाराल तर ही वही भरणं हा आहे. रीलने ओळख व्हावी, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं व्हावं आणि नाव वहीत यावं.

ओळख वाढते तशी फसवणुकीची दारंही उघडतात, आणि छोटे विक्रेते यात फार होरपळतात. लष्करी जवान असल्याचं सांगून मोठी ऑर्डर देणारा, ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणारा भामटा आता अनेक वर्षं फिरतो आहे. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, एवढं एक वाक्य गल्ल्याजवळ चिकटवून ठेवावं. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली पैसे मागण्याची यूपीआय विनंती बंद झाली आहे, तरी भामटे नवे मार्ग काढतातच. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाहून माल देऊ नये. खोटा स्क्रीनशॉट बनवणं सोपं आहे. बँकेचा मेसेज किंवा अ‍ॅपमधली जमा नोंद बघावी. ‘तुमच्या पानाने कॉपीराइटचा भंग केला, चोवीस तासांत या लिंकवर जा’ हा मेसेज आला की घाबरून लिंक दाबली जाते आणि पान जातं. व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांचा पिन लावणं हे दोन मिनिटांचं काम आज रात्रीच करावं. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते.

विश्वासाचा प्रश्न उलट बाजूनेही आहे: गिऱ्हाइकाने अनोळखी विक्रेत्यावर का विश्वास ठेवावा? हापूसच्या नावाखाली दुसरीकडचा आंबा विकला जातो ही जुनी तक्रार. २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावर वेगवेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की आंबा कोणाच्या बागेतला ते कळावं, अशी त्यामागची योजना. एकट्या बागायतदाराला हे परवडलं नसतं. संस्थेने केलं म्हणून झालं. विणकरांच्या, चर्मकारांच्या, बचत गटांच्या संस्थांनी हा धडा घ्यावा. प्रत्येकीने वेगळं पान उघडून एकटीने रील करण्यापेक्षा गटाचं एक पान, एक फोन उचलणारी बाई आणि पॅकिंगची एक पद्धत यांत जास्त ताकद आहे. उमेद अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) यांच्या बचत गटांतल्या बायका प्रदर्शनांत गिऱ्हाइकाशी किती छान बोलतात ते आपण पाहतो. स्टॉल उठला की ते गिऱ्हाईक हरवतं, कारण नंबर कोणी लिहून घेतलेला नसतो.

कायद्याचं भान फोनवरच्या धंद्यालाही लागतं, हे फार थोडे सांगतात. घरून फराळ, मसाले, केक विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी; तो १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापला की गिऱ्हाइकाचा भरवसाही वाढतो. जीएसटीच्या बाबतीत महाराष्ट्रात वस्तूंची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला तर ही सूट साधारणपणे उरत नाही. रीलला जिल्ह्याची हद्द नसते. बेळगावहून किंवा बंगळूरहून पहिली ऑर्डर आली की हा प्रश्न उभा राहतो. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलत आहे, ताज्या आंब्यावर कर नाही, आंबापोळीवर आहे. अशा वेळी रीलवरच्या तज्ज्ञापेक्षा आपल्या गावातल्या कर सल्लागाराला विचारावं.

आता एक उरलेली आणि सगळ्यात कमी माहीत असलेली बाब. खातं चुकून बंद झालं, हॅक झालं, कोणी तुमच्या नावाने बनावट पान काढलं तर दाद कुठे मागायची? कंपनीचं मदत केंद्र आपोआप उत्तरं देतं आणि मराठीत बोलणारं माणूस समोर येत नाही. ज्याचा सगळा सीझन त्या पानावर अवलंबून आहे त्याच्यासाठी हे क्रूर आहे. पण २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि ईमेल जाहीर असतं, तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायची असते आणि निकाल ठरावीक मुदतीत. तो पटला नाही किंवा आलाच नाही तर २०२३ पासून केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं, आणि त्याला शुल्क नाही. वकील लागत नाही. लागतात ते पुरावे: खातं आपल्या नंबरवर असल्याचं दाखवणारा स्क्रीनशॉट, उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र, दुकानाच्या नावाची बिलं आणि आधी केलेल्या तक्रारीची तारीख. बचत गटांच्या आणि व्यापारी संघटनांच्या प्रशिक्षणांत रील कसा काढायचा हे आता सगळीकडे शिकवतात. हा अर्ज कसा भरायचा हेही मराठीत, प्रत्यक्ष भरून दाखवून शिकवायला हवं, आणि ते काम तालुक्याच्या ठिकाणी संघटनेच्या कार्यालयात एका माणसाने मनावर घेतलं तरी होण्यासारखं आहे.